तरंगू दे आधी

एल आल्तोत पाणी लवकर उकळतं.
सत्त्याऐंशी अंशांवरच बुडबुडे,
आणि बटाटे तासभर रटरटूनही आत कच्चे.
पण डाख तसा नाही.
दोन्या फोर्तुनाता सांगते,
शिसं-कथिल खाली समुद्रकाठी
एकशे त्र्याऐंशीला वितळतं,
इथंही एकशे त्र्याऐंशीलाच.
"उंचीची भीड न ठेवणारी
एवढी एकच वस्तू भेटली मला."

गरम हवेचं यंत्र समोरच्या दुकानात आहे,
काचेमागं, किमतीच्या चिठ्ठीसकट.
ती त्याच्याकडे बघते,
दुसऱ्याच्या लग्नातला केक बघावा तशी.
मग आपल्या घडीच्या टेबलावर वाकते:
दोन सोल्डरिंग आयर्न, एकाच्या मुठीला चिंधी,
भुवयांचा चिमटा,
कुणा व्हायोलिनवाल्यानं टाकलेला राळेचा खडा,
आणि टीव्हीच्या केबलची साल काढून मिळालेली
तांब्याची वेणी.
तिच्या पाठीवरच्या दोन वेण्यांपेक्षा बारीक,
पण गुंफण तीच, असं तीच म्हणते.

आज तोमासाचा वजनकाटा आलाय.
ती चुन्यो विकते, गोठवून तुडवून वाळवलेले बटाटे,
दगडासारखे, हलके.
काटा रिकामा असला तरी दोनशे ग्रॅम दाखवतो.
चिप गेलीय. आठ पायांची, मसुराएवढी.
तिची जुळी बहीण
भंगारातल्या दुसऱ्या काट्याच्या बोर्डावर
मेल्यासारखी बसलीय, पण जिवंत आहे.

काल ती मी काढायला गेलो होतो
आणि ओढली.
एका पायाखालचं तांबं सालीसारखं निघालं,
हिरव्या बोर्डावर फिकट ओरखडा राहिला.
ती रागावली नाही.
नुसतं म्हणाली, "रेमिहियो, दात काढतोस का तू?"

म्हणून आज ती काढते, मी बघतो.
आधी राळ. मग नवं सोल्डर, भरपूर,
चारही पाय एका थेंबात बुडतील इतकं,
दुसऱ्या बाजूलाही तसंच.
"मूळचं सोल्डर हट्टी, त्यात शिसं नाही.
हट्टी माणसाशेजारी एक ढिला माणूस बसवायचा,
दोघंही ढिले होतात."
दोन हातांत दोन आयर्न,
डावीकडे, उजवीकडे,
धूर तिच्या टोपीच्या कडेला अडतो,
वारा कागद उडवतो, ती बघत नाही.
डबक्यांना चकाकी येते.
मी चिमटा पुढे करतो.
"थांब."
मी थांबतो.
"अजून. तरंगू दे आधी."

आणि मग खरंच,
चिप किंचित सरकते,
झोपेत कूस बदलावी तशी, आपण होऊन.
ती आयर्नच्या टोकानं तिला बाजूला लोटते.
उचलत नाही, लोटते.

शेजारचा कपॅसिटर मात्र, मोहरीएवढा,
टोकाला चिकटला आणि उडाला.
आम्ही तिघंही श्वास धरून.
तोमासानं घागरा झटकायला हात उचलला
तर दोन्या ओरडली, "हलू नकोस!"
आणि स्पीकरमधलं चुंबक घेऊन
तिच्या घाघऱ्याच्या चुण्यांवरून फिरवत गेली,
एक एक चूण,
कुत्रं सुद्धा बघत बसलं.
सातव्या चुणीत *टिक*.

वेणीनं जुनं सोल्डर शोषलं,
चिप बसली, कपॅसिटर बसला,
काटा लावला:
शून्य. शून्य. शून्य.
मला वाटलं तोमासा हसेल.
ती त्या आकड्याकडे बघत राहिली,
जणू घरातलं कुणी परगावी गेलंय.
"ते दोनशे," तिनं हळूच विचारलं,
"ते नाही का ठेवता येत?"

दोन्या फोर्तुनातानं दोन्ही आयर्न ओल्या फडक्यावर पुसले.
चर्र. चर्र.
"येतात. पण मग मी तुझ्याकडून
चुन्यो घेणार नाही."

पैसे नव्हतेच तिच्याकडे.
तिनं गोणीत हात घातला
आणि ओंजळी ओतत राहिली आमच्या टेबलावर,
स्क्रू, तारा, मेलेली चिप, सगळ्यांवर,
काट्याकडे न बघता,
दोन्या "पुरे" म्हणेपर्यंत.
दोन्या बऱ्याच उशिरा म्हणाली.